‘वेटरने आमची नावं लक्षात ठेवली’: छोट्या आलिशान क्रूझवरच्या जेवणाची परीक्षणं कशी वाचायची?



मागच्या वेळी लिहिलं होतं, की प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा गाईडना दिलाय. तो परत आला. तीस पानांमध्ये पेन्सिलने एकच प्रश्न लिहिलेला होता: ‘हे नेमकं कोणाबद्दल आहे?’

आधी मला राग आला. प्रकरणाचं नावच ‘क्रूझ जहाजावरील आतिथ्य आणि भावनिक श्रम’. म्हणजे ते जहाजावरच्या कर्मचाऱ्यांबद्दल आहे, हे उघड नाही का? मग मसुदा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की गाईडचं बरोबर आहे. तीस पानांत एकही कर्मचारी बोलत नव्हता. बोलत होते ते प्रवासी, आणि प्रवाशांचं वाचून मी.

तुमच्यापैकी बरेच जण आता संशोधनाचा आराखडा लिहीत असाल. ‘इंटरनेटवर भरपूर परीक्षणं आहेत, डेटा आयता मिळेल’ असा विचार करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. माझी चूक कुठे झाली ते एकेक करून सांगते.

आधी जहाज बघू

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती तरंगती वसाहत. २०२४ मध्ये सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ घ्या. एका केबिनमध्ये दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी, आणि कर्मचारी २,३५०. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे साधारण २.४ प्रवासी.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ‘सीड्रीम वन’ आणि ‘सीड्रीम टू’ ही जुळी जहाजं १९८४ आणि १९८५ मध्ये ‘सी गॉडेस’ या नावाने सुरू झाली. लांबी सुमारे १०५ मीटर. प्रवासी जास्तीत जास्त ११२ आणि कर्मचारी ९५ च्या आसपास. भागाकार केला तर एका कर्मचाऱ्यामागे १.२ प्रवासीसुद्धा येत नाहीत. इथे जेवणाचं टेबल ठरलेलं नसतं. हवं तिथे, हव्या त्या माणसांबरोबर बसायचं. हवा चांगली असेल तर जेवण उघड्या डेकवर. दारू आणि टिप भाड्यातच धरलेली असते, त्यामुळे टेबलावर बिल येत नाही. किनाऱ्याजवळ नांगर टाकला की कर्मचारी कंबरभर पाण्यात उभे राहून शॅम्पेन आणि कॅव्हिआर देतात, हा तर या जहाजांचा प्रसिद्ध खेळ.

अशा जहाजांवरच्या जेवणाची काही डझन परीक्षणं मी वाचली. कॅव्हिआर, लॉबस्टर, चीजची गाडी हे सगळं त्यांत आहेच. पण परीक्षण लिहिणारा हळवा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आमची नावं पाठ होती.’ ‘कॉफीत दूध नको, हे मी एकदाच सांगितलं होतं.’ ‘निघताना घरच्यांना सोडून निघाल्यासारखं वाटलं.’ वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या जहाजांबद्दल लिहिलेलं, पण वाक्यं जवळजवळ तीच.

मी काय केलं? ही सगळी वाक्यं गोळा केली, त्यांना संकेत दिले, तक्ता केला आणि निष्कर्ष काढला: ‘छोट्या जहाजावरचे कर्मचारी अधिक तीव्र भावनिक श्रम करतात.’ वाचायला छान वाटतं ना? पण पुरावा बघा. ‘वेटर मनापासून हसत होता’ असं प्रवाशाने लिहिलं, यावरून आपल्याला कळतं ते एवढंच, की त्या प्रवाशाला ते हसू मनापासूनचं वाटलं. परीक्षण हा पाहुण्याच्या समाधानाचा पुरावा आहे. वेटरच्या श्रमाचा तो पुरावा नाही. ही साधी गोष्ट मला तीस पानं लिहूनही दिसली नव्हती.

एक चांगलं परीक्षण, आणि त्याची हद्द

इथे एका लेखाचं नाव घ्यायलाच हवं, कारण या विषयावर काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्यापाशी येतो. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांचा क्रूझवरचा दीर्घ लेख जानेवारी १९९६ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आला. मासिकानेच त्यांना एका आठवड्याच्या सफरीवर पाठवलं होतं. लेख विनोदी आहे आणि वाचता वाचता अस्वस्थ करतो. लाड करून घ्यायची सवय लागली की माणूस कसा तक्रारखोर मूल होतो, हे त्यांनी स्वतःवरच दाखवलंय. शेजारच्या धक्क्यावर दुसरं, जास्त चकचकीत जहाज दिसतं आणि इतका वेळ सुखात असलेल्या माणसाला स्वतःचं जहाज एकदम फिकं वाटायला लागतं.

माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा प्रसंग बॅगेचा आहे. वॉलेस भिडेपोटी स्वतःची बॅग स्वतःच उचलून नेतात. परिणाम काय, तर सामान वाहणाऱ्या कर्मचाऱ्याची वरिष्ठांकडून हजेरी घेतली जाते. पाहुण्याचा चांगुलपणा कामगाराच्या अंगावर येतो. जहाजावरची सत्ता कशी चालते हे सांगायला मला तक्त्याची तीन पानं लागली होती. वॉलेसना एक बॅग पुरली.

पण समीक्षा करायची तर हद्दही सांगायला हवी. एक, ते जहाज मोठं होतं, हजाराहून जास्त प्रवाशांचं. दोन, आणि हे महत्त्वाचं: ‘व्यावसायिक हसू’ या गोष्टीवर त्यांनी इतकं सुंदर लिहिलंय, पण त्या हसण्याचा परिणाम ते तपासतात तो स्वतःच्या मनावर. हसणारा माणूस पानाच्या कडेलाच राहतो. भोळं परीक्षण म्हणतं ‘हसू खरं होतं’, हुशार परीक्षण म्हणतं ‘हसू खोटं होतं’. दोघंही बघतायत मात्र टेबलाच्या एकाच बाजूने.

मग सिद्धांत काय म्हणतो?

आर्ली हॉकशील्ड यांचं ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: विमानात काम करणाऱ्या हवाई सेविकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की या नोकरीत हात-पाय जसे विकत घेतले जातात तशा भावनाही घेतल्या जातात. काय वाटायला हवं याचे नियम कंपनी ठरवते. ते पाळायचे दोन मार्ग. वरवरचा अभिनय, म्हणजे आत काहीही असो, चेहरा हसरा ठेवायचा. आणि आतला अभिनय, म्हणजे स्वतःला समजावून, आठवणी काढून, खरंच तसं वाटून घ्यायचं.

मी हे दोन शब्द उचलले आणि छोट्या जहाजावर जसेच्या तसे चिकटवले. पण विमानप्रवास असतो काही तासांचा. दार उघडतं, प्रवासी जातात, सेविका हॉटेलवर किंवा घरी जाते. छोट्या जहाजावर तेच शंभर-सव्वाशे पाहुणे आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र समोर असतात. गॉफमन यांनी माणसाच्या वागण्याला रंगमंचाची उपमा दिली: पुढे रंगमंच, मागे विंग. त्यासाठी त्यांनी पाहिलेल्या जागांमध्ये शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलचं स्वयंपाकघरही होतं. दाराच्या अलीकडे एक वागणं, पलीकडे दुसरं. आता १०५ मीटरच्या जहाजात विंग किती मोठी असणार? जेवणघराचं दार, गॅली, अरुंद जिना आणि दोघांची केबिन. शिफ्ट संपली तरी माणूस जहाजावरच. तेव्हा पहिला सुधारलेला प्रश्न असा हवा होता: तोच पाहुणा सातव्या दिवशीही समोर असेल, तर वरवरचा अभिनय टिकतो का? हा प्रश्न विमानाच्या अभ्यासातून आयता मिळत नाही. जहाजाची लांबी आणि सफरीचे दिवस मोजले की मिळतो.

हॉकशील्ड यांच्यावर टीकाही झाली आहे. शेरन बोल्टन आणि कॅरल बॉइड यांनी २००३ मध्ये हवाई कर्मचाऱ्यांवरच लिहिताना म्हटलं, की कामगाराच्या सगळ्या भावना कंपनीच्या खात्यात टाकणं बरोबर नाही. काही हसणं पगारासाठी, काही व्यवसायाच्या शिस्तीचं, काही साध्या सामाजिक रीतीचं, आणि काही वेळा माणूस समोरच्याला आपल्या पदरचं थोडं जास्त देतो. मी हा लेख वाचला होता. प्रकरणात त्याला दोन ओळीही दिल्या होत्या. वाचणं आणि कळणं यात किती अंतर असतं, ते मला मालवणात कळलं.

मामांना वाचून दाखवलेला परिच्छेद

माझे मामा बोटीवर होते. कोकणात आणि गोव्यात ‘बोटीवर असणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या प्रवासी बोटींवर जेवणघरात आणि भटारखान्यात गोवेकर असायचे. त्यासाठी मुंबईत धोबीतलावला गावागावांचे कूड उभे राहिले. बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवायची आणि वाट बघायची. या परंपरेबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘ही माणसं मुळातच आतिथ्यशील.’ हल्ली फिलिपिनो कर्मचाऱ्यांबद्दल परीक्षणांत हेच लिहिलेलं दिसतं. ‘मुळातच’ हा शब्द दिसला की सावध व्हा. कौशल्याला स्वभाव म्हटलं, की त्या कौशल्याचे पैसे मागायची सोय राहत नाही.

तर, मामांनी अठरा वर्षं वेटरचं काम केलं. आधी मोठ्या जहाजांवर, शेवटची काही कंत्राटं एका छोट्या आलिशान जहाजावर. (हे त्यांच्या परवानगीने लिहितेय. जहाजाचं नाव देत नाही.) प्रकरण परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि वरवरच्या अभिनयाचा परिच्छेद मराठीत करून वाचून दाखवला. मला वाटलं होतं, ते म्हणतील ‘अगदी बरोबर’. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “म्हणजे अठरा वर्सां मी नाटक करी होतंय?”

मला काही बोलता येईना. मामी उठून चहा टाकायला गेली.

मग ते सावकाश बोलायला लागले. चुटकी वाजवून बोलावणारे पाहुणे असायचे, त्यांच्यासमोरचं हसू? “तां नाटकच. त्याचो पगार मिळता.” त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पण त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. एका सफरीत एक वयस्कर बाई एकट्या आल्या होत्या. पहिल्या रात्री त्यांना खिडकीजवळचं, समुद्राकडे तोंड असलेलं टेबल दिलं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. बाई अर्धं जेवून उठल्या. मामांच्या लक्षात आलं, की रात्री बाहेर सगळा काळोख आणि आत दिवे, त्यामुळे खिडकीची काच आरसा होते. बाई तासभर समोर बसलेल्या स्वतःकडेच बघत होत्या. दुसऱ्या रात्री मामांनी त्यांना जेवणघराकडे तोंड करून बसवलं. माणसं दिसतात, कोणीतरी मान हलवतं, येता-जाता वेटर दोन शब्द बोलतो. बाई शेवटच्या रात्रीपर्यंत तिथेच बसल्या.

“मग त्यांनी परीक्षणात काय लिहिलं?” मी विचारलं.

मामा हसले. निघताना भरायच्या कार्डावर बाईंनी लिहिलं होतं, की मासे उत्तम होते.

हे माझ्या तक्त्यात कुठे बसवायचं? प्रवाशाच्या लेखणीतून ते सुटलं होतं, म्हणून माझ्याही हातून सुटलं असतं. कंपनीच्या नियमात ते नव्हतं. उलट नियमाप्रमाणे खिडकीच चांगली. हा अभिनय नव्हता. ही नजर होती, वर्षानुवर्षांच्या कामातून तयार झालेली. पण म्हणून ‘सगळं प्रेमच असतं’ असंही मामा म्हणत नव्हते. एकाच संध्याकाळी, एकाच माणसाने, एका टेबलावर पगाराचं हसू दिलं आणि दुसऱ्या टेबलावर पदरचं लक्ष दिलं. माझ्या मसुद्यात या दोन्हींना एकच संकेत होता.

नाव लक्षात राहतं कसं?

मामांकडून कळलेली दुसरी गोष्ट जास्त रुक्ष आहे आणि संशोधनाला जास्त उपयोगाची. नाव ‘लक्षात राहत’ नाही, ते ठेवलं जातं. सफर सुरू व्हायच्या आधी पाहुण्यांची यादी पाठ करायची. रात्रीच्या जेवणाआधी उभ्या-उभ्या ब्रीफिंग: अमक्याला लसूण चालत नाही, तमक्याच्या लग्नाचा वाढदिवस आहे. टेबल ठरलेलं नसलं तर आज तुमच्याकडे बसलेला पाहुणा उद्या दुसऱ्याकडे बसणार, म्हणून एकाला कळलेलं सगळ्यांना कळवायचं. पाहुण्याला जे मोकळं वाटतं, त्यामागे कर्मचाऱ्याची जास्त बांधलेली पद्धत असते. टिप भाड्यातच असली की पाहुण्याला पाकिटाची चिंता नाही. पण मग वेटरचं काम कसं झालं हे ठरतं ते शेवटच्या कार्डावर. म्हणून ते ‘मासे उत्तम’ हे दोन शब्द मामांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते.

आणि तिसरी गोष्ट. मी भावनांबद्दल विचारत राहिले आणि मामा झोपेबद्दल बोलत राहिले. दुपारची झोप मिळाली की नाही, ड्रिल कधी लागली, रात्री किती वाजता खाली गेलो. मला आधी वाटलं ते विषय सोडून बोलतायत. मग नियम काढून बघितले.

जहाजावरच्या कामगारांसाठी ‘सागरी श्रम करार, २००६’ आहे. तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. विश्रांतीच्या हिशोबाने बघितलं तर त्यातली किमान मर्यादा अशी: चोवीस तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती. आठवड्याचे तास १६८. वजा ७७ केले तर उरतात ९१. म्हणजे हा नियम नीट पाळूनसुद्धा आठवड्याला ९१ तास, रोजचे सरासरी १३ तास काम बसतं. शिवाय त्या १० तासांचे जास्तीत जास्त दोन तुकडे करता येतात, त्यातला एक किमान ६ तासांचा हवा. आता नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असा दिवस डोळ्यांसमोर आणा. रात्री १२ ते सकाळी ६ हा एक तुकडा आणि दुपारी २ ते ६ हा दुसरा. मामांची दुपारची झोप ही करारातल्या एका कलमाची माणसाच्या अंगावर पडलेली सावली होती. ‘ते सदैव ताजेतवाने दिसत’ असं परीक्षणात वाचलं, की आता मला हे दोन तुकडे आठवतात.

मग प्रकरणात मी काय बदललं?

परीक्षणं टाकून दिली नाहीत. त्यांची जागा बदलली. आता ती ‘पाहुण्याला आतिथ्य कसं ओळखू येतं’ या भागात आहेत. तिथे त्यांच्यासारखा पुरावा नाही. कामाच्या तासांसाठी करार आणि मुलाखती. गॅलीच्या स्थितीसाठी अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांचे आरोग्य तपासणी अहवाल. त्यात १०० पैकी गुण असतात आणि ८५ किंवा कमी म्हणजे नापास. पण तो अहवाल फ्रीजचं तापमान सांगतो, फ्रीज भरणारा किती वाजता उठला ते सांगत नाही. प्रत्येक साधनाला अशी एक बाजू असते जिकडे ते बघूच शकत नाही. ती बाजू कोणती, हे पद्धतीच्या भागात आपणच लिहून टाकायचं. परीक्षकाने दाखवायची वाट बघू नका.

‘खरं की खोटं’ हा प्रश्न मी काढून टाकला. त्याऐवजी तीन प्रश्न ठेवले: हे लक्ष कोणाच्या वेळेतून आलं? ते नियमात होतं की नियमाबाहेर? आणि त्याची नोंद कुठे झाली, किंवा झालीच नाही? खिडकीजवळच्या बाईंचा प्रसंग या तिन्हींना वेगळं उत्तर देतो. चुटकी वाजवणारा पाहुणा वेगळं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मामा माझे मामा आहेत. ते मला जे सांगतात ते अनोळखी संशोधकाला सांगतील का, आणि मी जे ऐकते त्यात भाचीचं प्रेम किती, हा प्रश्न व्हायवाला येणारच. म्हणून त्यांची मुलाखत पुरावा म्हणून मोजायची नाही, प्रश्न शोधायचं ठिकाण म्हणून वापरायची, असं सध्या ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून इतर निवृत्त बोटवाल्यांशी बोलायला सुरुवात करतेय.

आता तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. तुमच्या विषयातलं कुठलंही एक परीक्षण, अभिप्राय किंवा बातमी घ्या. त्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे कोणी पाहिलं, कुठे बसून पाहिलं, आणि त्या जागेवरून काय दिसूच शकत नव्हतं? एका पानाचंच करा. तासभर जाईल, पण माझ्यासारखी तीस पानं परत येणार नाहीत.

बदललेला परिच्छेद मी मामांना पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि एकच दुरुस्ती सुचवली. मी ‘वेटरने बाईंचं टेबल बदललं’ असं लिहिलं होतं. टेबल तेच होतं, म्हणाले, खुर्ची फिरवली. तसं दुरुस्त केलंय.